काय पाहिजे ते सांगा ना भाऊ! : एआयला पहिलावहिला प्रॉम्प्ट लिहिताना

नागपुरात सिव्हिल लाइन्सला, कलेक्टर ऑफिसच्या आसपास, माझं टायपिंगचं टेबल आहे. आधी रेमिंग्टनची मशीन होती, मग कॉम्प्युटर आला, शेजारी झेरॉक्स आली. काम मात्र तेच राहिलं. समोरच्याच्या मनातलं कागदावर उतरवायचं. काटोल, सावनेर, उमरेडकडून माणसं येतात आणि खुर्चीत बसता बसताच म्हणतात, "भाऊ, एक अर्ज लिहून द्या."

कोणाला? "सायबाले."

कशाचा? "आता तुमाले काय सांगू बाप्पा, तुमाले तर सगळंच माहीत आहे."

मला काहीच माहीत नसतं. विचारून विचारून काढावं लागतं. अर्ज टाइप करायला वेळ लागत नाही, वेळ लागतो तो त्यातलं काय घडलं, कधी घडलं, कोणता कागद हातात आहे आणि शेवटी पाहिजे काय, हे बाहेर काढायला. हल्ली हीच मंडळी, आणि त्यांची कॉलेजात जाणारी पोरं, मोबाइलवर चॅटजीपीटी नाहीतर जेमिनी उघडतात, 'अर्ज लिहून दे' एवढंच टाकतात आणि स्क्रीन माझ्यापुढे धरतात. "पाहा भाऊ, काहीच्या काही लिहून देते." खरंच काहीच्या काही असतं. 'माननीय महोदय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत सगळं झकास, आणि मधल्या भागात या माणसाचं काहीच नाही.

फरक इतकाच आहे की मी विचारतो आणि मोबाइलमधलं हे एआय सहसा विचारत नाही. जागा रिकामी दिसली की भरून टाकतं. त्यामुळे मी टेबलापलीकडून जे प्रश्न विचारतो ते तुम्ही स्वतःला विचारायचे आणि त्यांची उत्तरं टाइप करायची. याला प्रॉम्प्ट म्हणतात. शिकवायला मी बसलो तर शिकवण्यासारखं यात एवढंच आहे. बाकी सवयीनं येतं.

रिकामी जागा ते कशानं भरतं

चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं ३० नोव्हेंबर २०२२ ला. त्यानंतर जेमिनी, क्लॉड, कोपायलट, व्हॉट्सअॅपमधलं मेटा एआय असे बरेच आले. आतली मूळ पद्धत सगळ्यांची साधारण एकच. अफाट मजकूर वाचून यांनी शिकून घेतलंय की कोणत्या शब्दांमागे कोणते शब्द येतात, आणि उत्तर ते तुकड्या-तुकड्यानं पुढे लिहीत जातात. तुम्ही जे सांगितलं नाही, तिथे जगात जे सर्वात जास्त वेळा लिहिलं गेलंय तसलं काहीतरी येऊन बसतं. ते चुकीचं असेलच असं नाही, पण तुमच्या घरचं नसतं.

दुसरं, बरोबर आणि चूक दोन्ही ते एकाच ठसक्यात लिहितं. आवाज अडखळत नाही, मान खाली जात नाही. माणसाची थाप आपल्याला चेहऱ्यावरून कळते, इथे चेहराच नाही.

तिसरं, एका चॅटमध्ये आधी बोललेलं त्याच्यासमोर असतं, नवीन चॅट उघडली की पाटी बहुतेक कोरी. काही अॅपमध्ये आठवण ठेवायची सोय असते, पण तिच्या भरवशावर काम टाकू नका.

डिपॉझिटचं पत्र

भंडाऱ्याकडची एक पोरगी आली होती. नंदनवनला खोली घेऊन शिकत होती, खोली सोडली आणि डिपॉझिट अडकलं. तिनं मोबाइलवर टाकलेला प्रॉम्प्ट असा : 'घरमालकाला डिपॉझिट परत मागण्यासाठी पत्र लिहा.' आलेलं पत्र वकिली नोटिशीसारखं होतं. 'अन्यथा कायदेशीर कारवाईस सामोरे जावे लागेल' वगैरे. घरमालक म्हणजे साठी उलटलेले काका, त्यांच्याच घरी तिनं दिवाळीचा फराळ खाल्लेला. हे पत्र गेलं असतं तर पैसे राहिले बाजूला, भांडण हाती आलं असतं.

मी तिला नेहमीचे प्रश्न विचारले आणि तिची उत्तरं तिलाच टाइप करायला लावली. तयार झालेला प्रॉम्प्ट असा :

"मी विद्यार्थिनी आहे. नागपुरात नंदनवनला ११ महिन्यांच्या करारावर खोली घेतली होती. डिपॉझिट १५,००० रुपये ऑनलाइन दिलं, त्याची नोंद आहे. ३१ मे रोजी खोली सोडली, किल्ली दिली, विजेचं शेवटचं बिल भरलं. करारात लिहिलंय की खोली सोडल्यावर ३० दिवसांत डिपॉझिट परत मिळेल. आता दीड महिना झाला. घरमालक काका फोनवर 'बघू' म्हणतात. एकदा रंगकामाचे पैसे कापीन म्हणाले, पण करारात रंगकामाबद्दल काही नाही. त्यांना द्यायचं पत्र मराठीत लिही. ते वयानं मोठे आहेत, संबंध चांगले आहेत, ते बिघडवायचे नाहीत. भाषा आदराची, पण मागणी स्पष्ट. १५ दिवसांची मुदत माग. कायद्याची कलमं आणि कोर्टाची भाषा नको. एका पानात बसलं पाहिजे. काही माहिती कमी वाटली तर आधी मला विचार, मनानं भरू नको."

शेवटचं वाक्य पाठ करून ठेवा. 'आधी मला विचार, मनानं भरू नको.' या एका ओळीनं त्याची रिकामी जागा भरायची खोड बरीच कमी होते. तिच्या वेळी त्यानं उलट विचारलं, "करारावर कोणती तारीख आहे आणि खोली सोडण्याची पूर्वसूचना दिली होती का?" हे प्रश्न मीसुद्धा विचारले असते. पूर्वसूचना तिनं व्हॉट्सअॅपवर दिलेली होती, ती पत्रात आली आणि पत्राला वजन आलं.

आता त्या प्रॉम्प्टमध्ये काय काय आहे पाहा. घडलेलं तारखांसकट आहे. हातात कोणते कागद आहेत ते आहे. वाचणारा कोण हे आहे. काय पाहिजे ते आहे, आणि काय नको तेही आहे. नवीन माणूस 'काय नको' हमखास विसरतो. धमकी नको, कलमं नको, पसारा नको, हे सांगितल्याशिवाय त्याला कळायला मार्ग नाही, कारण त्यानं वाचलेल्या अशा बहुतेक पत्रांत ते असतंच.

वाचणारा कोण, हे मी सर्वात वर ठेवीन. यूट्यूबवर पोरं शिकवून राहिली की प्रॉम्प्टची सुरुवात 'तू जगातला सर्वश्रेष्ठ वकील आहेस' अशी करा. करा, बिघडत काही नाही, बोलण्याचा बाज थोडा बदलतोही. पण वकील म्हटल्यानं त्याला तिचा करारनामा दिसायला लागत नाही. एआय कोण आहे हे ठरवण्यात जी ओळ घालवता, ती वाचणारे काका कसे आहेत हे सांगण्यात घाला.

संत्र्याची गळ

डिपॉझिटचं पत्र सोपं होतं, कारण सगळी माहिती त्या पोरीपाशी होती. जिथे आपल्यालाच नेमकं काय झालंय ते माहीत नसतं, तिथे प्रॉम्प्टची खरी परीक्षा. आमच्याकडे त्याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही.

काटोलकडचे एक काका नुकसानीचा अर्ज करायला आले. बोलता बोलता म्हणाले, "पोरानं मोबाइलले विचारलं, संत्र्याची फळगळ होऊन राहिली, उपाय सांग. त्यानं दहा औषधं सांगितली. आता दहाही मारू का?"

पोराचा प्रश्न जसा तसं उत्तर. 'संत्रा' म्हटल्यावर त्या यंत्रानं जगभरचं जे वाचलंय त्यात ब्राझील-फ्लोरिडाच्या घट्ट सालीच्या संत्र्याबद्दलच जास्त आहे. आमचं नागपुरी संत्रं म्हणजे सैल सालीचं मँडरिन. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकन मिळालं म्हणून एआय प्रत्येक वेळी आपणहून त्याचाच विचार करेल असं नाही. त्यात आपल्याकडे बहार दोन. आंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत आणि फळ पावसाळा संपल्यावर, मृगाची फुलं जून-जुलैत आणि फळ उन्हाळ्याच्या तोंडावर. ऑगस्टमधली गळ म्हटली तर आंबियाचं फळ भरत आलेलं असतं आणि मृगाचं नुसतं बोराएवढं. दोन्हींची कारणं वेगळी, इलाज वेगळे. कोणता बहार हे पोरानं सांगितलंच नव्हतं, कारण घरातल्या माणसाला ते सांगायची गरजच पडत नाही.

इथेच सगळे अडकतात. जी गोष्ट आपल्याला रोजची असते ती सांगायची असते हेच सुचत नाही. म्हणून माझी सूचना अशी : प्रॉम्प्ट लिहिताना समोर दुसऱ्या राज्यातला, हुशार, पण तुमची बाग कधीच न पाहिलेला माणूस बसलाय असं धरा. त्याला काय काय सांगाल?

काकांना मी असं लिहायला सांगितलं. त्यांनी बागेत फोन करून पोराकडून खुणा विचारून घेतल्या :

"काटोल तालुक्यात माझी नागपुरी संत्र्याची बाग आहे, मोसंबी नाही. झाडं १२ वर्षांची, जंबेरी खुंटावर बांधलेली, ६ बाय ६ मीटर अंतर. जमीन काळी, भारी, जोराचा पाऊस झाला की पाणी साचतं. आंबिया बहार धरलाय. आता ऑगस्टचा शेवट आहे. आठ दिवसांपासून रोज फळं गळतात. गळलेल्या काही फळांचा देठाजवळचा भाग तपकिरी आहे. काहींवर सुईच्या टोकाएवढं छिद्र आहे आणि त्याच्या भोवती सडलंय. फळ कापून पाहिलं, आत अळी नाही. बांधाकडच्या झाडांखाली जास्त गळ आहे. लगेच औषध सांगू नको. या खुणांवरून कोणकोणती कारणं शक्य आहेत ते सांग. प्रत्येक कारण पक्कं करायला मी बागेत जाऊन आणखी काय पाहू ते सांग. आणि कोणतं कारण या खुणांशी जुळत नाही तेही सांग. साध्या मराठीत."

'लगेच औषध सांगू नको' हे वाक्य पाहून काका चमकले. "औषधासाठीच तर विचारून राहिलो ना!" पण एआयचा कल असतो तुम्हाला पटकन खूश करायचा. उपाय मागितला की उपाय देणार, रोग कळलेला असो नसो. म्हणून काम दोन पायऱ्यांत तोडायचं. आधी कारण, मग इलाज.

उत्तर पहिल्यापेक्षा फार वेगळं आलं. छिद्र आहे आणि अळी नाही, म्हणजे फळमाशीपेक्षा रस शोषणाऱ्या पतंगाची शंका जास्त, आणि हा पतंग रात्री येतो, तर अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन बांधाकडच्या झाडांवर पाहा. देठाजवळ तपकिरी म्हणजे बुरशीकडे लक्ष द्या. पाणी साचत असेल तर खोडाजवळ डिंक दिसतो का, मुळं कुजली आहेत का ते पाहा. काका बॅटरीचं ऐकून हसले. "एवढी गोष्ट तर आमचा बुढासुद्धा सांगत होता." बरोबरच आहे. पण पोराच्या प्रश्नाला हे उत्तर आलं नव्हतं, या प्रश्नाला आलं.

औषधाचं नाव आणि प्रमाण मात्र एआयच्या शब्दावर पंपात भरायचं नाही. डब्यावरचं लेबल वाचा, आणि अमरावती रोडला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आपल्या नागपुरातच आहे, तिथे विचारा. विचारायला जाताना एआयनं दिलेली कारणांची यादी आणि रात्री बागेत जे दिसलं ते घेऊन जा. शास्त्रज्ञाचा आणि तुमचा दोघांचाही वेळ वाचतो.

फोटोही देता येतो. पण नुसता फोटो टाकून 'हे काय आहे' विचारू नका. एक कापलेल्या फळाचा जवळून, एक पूर्ण झाडाचा, आणि सोबत वरचा मजकूर. फोटोत बहार दिसत नाही, माती किती खोल आहे ते दिसत नाही.

वहिनीच्या कुरडया

माझी वहिनी महालात राहते. उन्हाळ्यात गव्हाच्या कुरडया, पापड, मूगवड्या करून विकते. नागपूरचं ऊन वाळवणासाठी तरी कामी येतं. भाचीनं तिला जाहिरात बनवून दिली, एआयकडून. 'अस्सल घरगुती चवीचा अविस्मरणीय अनुभव! आजच ऑर्डर करा!' आणि खाली तारे, फुगे, हात जोडलेले. वहिनी म्हणाली, हे पाठवलं तर बायकांना वाटेल मी दुकान विकत घेतलं.

तिचा स्वतःचा मागच्या वर्षीचा निरोप असा होता : 'ताई, गव्हाच्या कुरडया झाल्या. चार दिवस कडक उन्हात वाळवल्या. अर्धा किलो, एक किलो. सोमवारी धरमपेठेत येऊन राहिली, कोणाले पाहिजे तर सांगा.'

इथे वर्णनानं काम होत नाही. 'साधं लिही', 'घरगुती लिही' असं कितीही सांगा, त्याचं साधं वेगळं असतं. 'नागपुरी बोलीत लिही' म्हटलं तर आणखी पंचाईत, दर वाक्यात एक 'बे' आणि एक 'बाप्पा' कोंबतं, कोणी नागपूरकर तसं बोलत नाही. त्याऐवजी नमुना द्या. वहिनीचे जुने तीन निरोप कॉपी करून टाकले आणि खाली लिहिलं :

"हे माझे आधीचे निरोप आहेत. याच लांबीचा, याच बोलण्याचा एक नवीन निरोप लिही. या वेळी मूगवड्या आहेत, पाव किलोची पाकिटं, गुरुवारी सदरला येणार. चित्रं नकोत, उद्गारचिन्हं नकोत, 'अस्सल', 'अविस्मरणीय' असले शब्द नकोत."

लगेच जमलं. सांगून जे कळत नाही ते दोन-तीन नमुन्यांतून त्याला कळतं. हीच युक्ती शाळेतल्या शिक्षकांना प्रगतिपुस्तकातले शेरे लिहायला, दुकानदाराला उधारीची आठवण करून द्यायला, कोणालाही चालते. नमुना एकच दिला तर त्याची नक्कल होते, म्हणून दोन-तीन द्या आणि ते एकमेकांपासून जरा वेगळे असू द्या.

माहिती अधिकाराचा अर्ज, आणि खात्री

माझ्या टेबलावर माहिती अधिकाराचे अर्ज पुष्कळ होतात, म्हणून यावर मी बोलणारच. २००५ चा कायदा देशभर एकच, पण अर्जाचे नियम राज्याराज्यांत वेगळे. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसावा. फी १० रुपये. एआयला नुसतं 'माहिती अधिकाराचा अर्ज लिही' सांगितलं की ते दोन पानं लिहितं, पाच विषय घेतं आणि 'काम का झाले नाही याचे स्पष्टीकरण द्यावे' असं विचारतं. या कायद्यात मिळते ती कार्यालयाकडे नोंदलेली माहिती, कागद. 'का' विचारलं की अर्ज परत यायला निमित्त मिळतं.

तेव्हा नियम तुम्हीच प्रॉम्प्टमध्ये टाका : "महाराष्ट्रातला अर्ज आहे. १५० शब्दांच्या आत. एकच विषय. 'का' असा प्रश्न नको, नोंदी आणि कागदपत्रांच्या प्रती माग. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते लिही." पुढे तुमच्या रस्त्याचं नाव, कामाचं नाव, वर्ष. मर्यादा जितकी ठाम, तितका मजकूर कसून येतो. 'थोडक्यात लिही' हे ठाम नाही, '१५० शब्दांच्या आत' हे ठाम आहे. तरीही शब्द तुम्ही मोजा, मोजण्यात हे यंत्र कच्चं आहे.

आणि कलम, निकाल, शासन निर्णयाचा क्रमांक, तारीख असलं काही उत्तरात आलं तर मूळ कागद पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वकिलाचं प्रकरण जगभर गाजलं. विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात त्यानं चॅटजीपीटीनं दिलेले जुने निकाल कोर्टात सादर केले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते. कोर्टानं ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. त्यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की त्यानं चॅटजीपीटीला 'हे निकाल खरे आहेत का' असं विचारलंही होतं, आणि चॅटजीपीटीनं हो म्हटलं होतं. ज्यानं लिहिलं त्यालाच 'खरं का' विचारणं ही खात्री नव्हे. खात्री म्हणजे सरकारी संकेतस्थळ, राजपत्र, छापील पुस्तक, नाहीतर माहितगार माणूस. प्रॉम्प्टमध्ये 'ज्याबद्दल पक्कं माहीत नाही तिथे तसं लिही' ही ओळ घालून ठेवा, उपयोग होतो, पण तिच्यावर विसंबून राहू नका.

पहिलं उत्तर आल्यावर

पहिलं उत्तर म्हणजे कच्चा खर्डा. माझ्याकडचे लोकही पहिला खर्डा वाचून 'हे असं नाही' म्हणतात. असं नाही म्हणजे कसं, ते सांगायचं. 'चांगलं लिही' म्हटल्यावर ते शब्द फुगवतं, दुसरं काही करत नाही. बोट ठेवून सांगा : "दुसरा परिच्छेद काढ. तारीख पहिल्या वाक्यात आण. 'सहकार्याची अपेक्षा' हे वाक्य नको. बाकी जसंच्या तसं ठेव." ते 'बाकी जसंच्या तसं' न सांगितल्यास चांगला जमलेला भागही बदलून ठेवतं.

दोन-तीनदा सांगूनही गाडी भलतीकडेच जात असेल तर वाद घालू नका. त्या चॅटमधला आधीचा सगळा घोळ त्याच्यासमोर तसाच पडलेला असतो आणि तो पुढच्या उत्तरात उतरत राहतो. नवीन चॅट उघडा, शिकलेलं सगळं एका नीट प्रॉम्प्टमध्ये लिहा आणि पुन्हा सुरू करा.

भाषेचं दडपण घेऊ नका. शुद्धलेखन चुकलं, मध्येच इंग्रजी शब्द आला, रोमन अक्षरात मराठी टाइप केलं, तरी चालतं. आकडे, तारखा, नावं मात्र नीट टाका. विषय फार तांत्रिक असेल, एखाद्या मशीनचा, एखाद्या सॉफ्टवेअरचा, तर त्यानं इंग्रजीत मराठीपेक्षा खूप जास्त वाचलेलं असतं. तेव्हा इंग्रजीत उत्तर काढून खाली 'आता हेच मला साध्या मराठीत समजावून सांग' म्हटलं तर कधी कधी जास्त भरीव हाती लागतं.

टाइप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरचा माईक दाबा आणि बोला. माझा अनुभव आहे की माणूस लिहायला बसला की आखडतो आणि बोलायला लागला की सगळं सांगतो, शेजाऱ्याच्या म्हशीपर्यंत. सांगू द्या. दोन मिनिटं जसं आठवेल तसं बोला आणि शेवटी म्हणा : "मी वर जे बोललो त्यातून मुद्दे काढ, तारखेप्रमाणे लाव, आणि कुठे माझं बोलणं एकमेकांशी जुळत नसेल तर दाखव. अर्ज अजून लिहू नको." ती मुद्द्यांची यादी तपासा, दुरुस्त करा, मग अर्ज लिहायला सांगा. नवशिक्यासाठी यापेक्षा सोपा रस्ता मला तरी माहीत नाही.

आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक, ओटीपी, पासवर्ड, घरच्या माणसाच्या आजाराचा नावानिशी रिपोर्ट, यातलं काही टाकायचं नाही. फुकटच्या अॅपमध्ये तुमचं बोलणं पुढे यंत्राला शिकवायला वापरलं जाऊ शकतं. काहींत सेटिंगमध्ये ते बंद करता येतं, करून ठेवा. नावाच्या जागी 'अर्जदार', नंबराच्या जागी फुल्या लिहा आणि छापायच्या आधी स्वतः भरा. दुसऱ्याचा करारनामा फोटो काढून टाकण्याआधी त्याला विचारा.

बाजारात 'हजार जादुई प्रॉम्प्ट' अशा पीडीएफ विकतात. एका ग्राहकानं मला प्रिंट मारायला दिली होती, पानंच्या पानं. पैसे घालवू नका. त्या हजारांतल्या एकालाही तुमचा बहार, तुमचा करार, तुमचे काका माहीत नाहीत.

त्यापेक्षा मोबाइलच्या नोट्समध्ये स्वतःची ओळख लिहून ठेवा आणि कामाच्या चॅटमध्ये सर्वात वर ती चिकटवा. त्या काटोलच्या काकांच्या पोरानं आता अशी ठेवलीय :

"मी काटोल तालुक्यातला शेतकरी. चार एकर, नागपुरी संत्रा, आंबिया बहार, काळी भारी जमीन, ठिबक आहे. वडील निर्णय घेतात, त्यांना समजेल अशा मराठीत लिही. इंग्रजी औषधाचं नाव आलं तर देवनागरीत लिही. उत्तर आधी चार ओळींत दे, जास्त पाहिजे असेल तर मी विचारीन. माहिती कमी असेल तर आधी विचार. पक्कं माहीत नसेल तर तसं सांग."

बहार बदलला, जमीन वाढली, ठिबक बंद पडलं, की त्यातली ती ओळ बदलायची. दुकानवाल्यानं दुकानाची लिहावी, दहावीच्या पोरानं आपलं बोर्ड, माध्यम आणि कोणत्या विषयात अडतं ते लिहावं.